‘ठसका’चा ड्रमर

“सर, तुमच्या छातीचे ठोके येतायत माइकमध्ये,” कॅमेरा आणि आवाज दोन्ही बघणारा सॅमसन म्हणाला. कानावरचा हेडफोन त्यानं एका बाजूनं उचलला होता. “जरा पाणी घ्या. मग करू सुरू.”

मी पाणी घेतलं. ग्लास दाताला लागून वाजला, तेव्हा तोही आवाज माइकनं टिपला असणार या विचारानं मी ग्लास घाईघाईनं खाली ठेवला. मिरजेतल्या आमच्या माडीवरच्या घराची पुढची खोली त्या दिवशी ओळखू येत नव्हती. सोफा भिंतीला लोटला होता, पंखा आवाज करतो म्हणून बंद होता, खिडकीवर काळं कापड लावलं होतं. समोर कॅमेरा, त्याच्या शेजारी स्टुलावर लॅपटॉप, आणि त्यामागं शलाका. रविवारची दुपार होती. स्वयंपाकघरात माझी बायको वैजयंती सगळ्यांसाठी कॉफी करत होती.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. शलाका पुण्याहून आली होती. तिशीची, केस बारीक कापलेली, बोलायला फार गोड मुलगी. आमच्या ‘ठसका’ या बँडवर ती माहितीपट बनवत होती आणि तीन वर्षं त्याच कामात होती. असा बँड होता हेच मुळात गावातली निम्मी माणसं विसरली होती. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत तो संपला, तेव्हा त्याचं वय होतं जेमतेम चौदा महिने.

आम्ही तिघं होतो. भरतेश चौगुले गायचा आणि गिटार वाजवायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. अल्ताफ बेस वाजवायचा आणि मी ड्रम. अल्ताफचा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं आणलेल्या दोन-चार इंग्रजी कॅसेट ऐकून भरतेश वेडा झाला होता. “तीन सूर येत असले की झालं,” तो म्हणायचा, “बाकी सगळं रागावर चालतंय.” ज्या गावात घराघरातून तंबोरे आणि सतारी घडतात, त्या गावात आम्ही हा धिंगाणा घालायचो. जागा होती अल्ताफच्या मामूंच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यातली पहिल्या मजल्यावरची खोली. तंबोऱ्याचे भोपळे ठेवायची ती खोली. वर गच्चीत ताजे भोपळे वाळत घातलेले असायचे, शेकड्यानं.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक नवं गाणं म्हटलं. त्या वर्षी नळाला गटाराचं पाणी येत होतं आणि पाइपलाइनचं काम नगरसेवक संपतराव ढवळ्यांच्या माणसानं घेतलेलं होतं. भरतेश माइकवर ओरडायचा, “नळाला आलं काय?” आम्ही म्हणायचो, “गाळ!” तो ओरडायचा, “पितोय कोण?” “आम्ही!” आणि मग “खातोय कोण?” असं विचारून तो नुसता थांबायचा. गाण्यात उत्तर नव्हतं. पण सगळा हॉल एका आवाजात ओरडला, “ढवळे!”

चार दिवसांनी, भर दुपारी, भरतेश त्या वरच्या खोलीत रक्तबंबाळ सापडला. डोकं फुटलं होतं, उजवा कान कायमचा गेला. त्या दिवसाचं त्याला काही म्हणजे काही आठवेना. सापडला तो अल्ताफला. बाहेरून चहा घेऊन आलेल्या अल्ताफला.

“सुरू करूया?” शलाकानं विचारलं. “आपण असं करू, सर. मी तुम्हाला बाकीच्या दोघांचं थोडं शूटिंग दाखवते. ते बघताना तुम्हाला काय वाटतं ते बोला. चालेल?”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

आधी अल्ताफ दिसला. एकवीस वर्षांनी मी त्याचा चेहरा पाहत होतो. हुबळीत त्याचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, हे मला ऐकून माहीत होतं. दाढी पांढरी झाली होती. एका हार्मोनियमचा भाता उघडा टाकून तो बसला होता आणि बोलताना वर बघत नव्हता.

“मी चहा आणायला गेलतो,” तो म्हणाला. “आलो तर भरत्या खाली पडलेला. मी ओरडलो. माणसं आली. पोलीस मला घेऊन गेले. दोन दिवस ठेवलं. ढवळ्याचं नाव काढायला कुणी धजलं नाही. केस काय झाली नाही, पण गावात झाली. ‘त्यांच्यात्यांच्यात मारामारी झाली, त्यानंच मारलं,’ असं. आम्ही मग मिरज सोडली. मामूंनीही कारखाना विकला.” तो थोडा थांबला. “चहा आणायला गेलतो, एवढंच मी सांगत आलोय. अजून किती वेळा सांगू?”

“तुमचा तिसरा साथीदार? सुहास कोरे?” शलाकाचा आवाज विचारत होता.

“सुहासला ताप होता त्या दिवशी. घरी होता. बरं झालं, न्हायतर त्यालाही नेला असता.”

शलाकानं लॅपटॉप थांबवला. “काही बोलायचंय, सर?”

“फार सरळ माणूस,” मी म्हणालो.

“आता हे बघा. हे मागच्या महिन्यातलं आहे. भरतेश सरांना थोडं थोडं आठवायला लागलंय.”

ज्या एका वाक्याची मी एकवीस वर्षं धास्ती घेतली होती, ते असं एखाद्या चांगल्या बातमीसारखं माझ्या पुढ्यात आलं होतं. भरतेशला आठवेल. लग्नात, मुलीच्या बारशाला, बँकेत कॅशला बसलेलो असताना, कधीही हा विचार येऊन जायचा. आज नाही तर उद्या त्याला आठवेल.

भरतेश आता जयसिंगपुरात भावाकडे राहत होता. अंगानं सुटला होता. डावा कान कॅमेऱ्याकडे करून तो सावकाश, शब्द वेचत बोलत होता.

“मी तार बदलत होतो गिटारीची. आणि खोलीत माझ्याबरोबर कुणीतरी होतं. मी बोलत होतो त्याच्याशी, हसत होतो. त्यानं माझ्याकडं काडेपेटी मागितली. एवढं आठवतंय बघा, काडेपेटी. मी खिशातनं काढून दिली.” त्यानं कपाळ चोळलं. “इतकी वर्षं मी अल्ताफवर विश्वास ठेवला. आई म्हणायची, त्यानंच मारलं. मी म्हणायचो, नाही. पण तो तर सांगतोय, मी बाहेर होतो. मग आत कोण होतं? सुहास तर तापानं फणफणलेला. मग अल्ताफशिवाय दुसरं कोण?” आणि मग तो रडायला लागला, लहान मूल रडतं तसा, तोंड न झाकता.

शलाका हलक्या आवाजात म्हणाली, “फिल्म इथं येऊन अडकलीय, सर. अल्ताफ सर म्हणतात, त्यांनी आयुष्यात सिगरेट ओढली नाही. भरतेश सरांना तेही नक्की आठवत नाही. तुम्ही दोघांनाही जवळून ओळखत होतात. अल्ताफ सर तेव्हा ओढायचे का?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी लाल दिव्याकडे बघितलं. त्या दिव्याच्या मागं मला रणधीर ढवळे दिसत होता. संपतरावांचा पुतण्या. आता आमच्या सहकारी बँकेचा अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत पंधरा वर्षांच्या सेवेबद्दल त्यानंच माझ्या गळ्यात हार घातला होता. हार घालताना कानाशी येऊन म्हणाला होता, “कोरे, तुम्ही ड्रम वाजवायचात ना एकेकाळी?” आणि हसला होता. ते सहज होतं की त्याला काही ठाऊक होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या रात्रीपासून पुढं महिनाभर मी घराची कडी दोनदोनदा तपासत होतो.

“हो,” मी म्हणालो. “ओढायचा. कधीमधी.”

शलाकानं मान खाली घातली. तिलाही अल्ताफ आवडत असावा. “थँक यू, सर,” ती म्हणाली. दिवा विझला.

ती दोघं सामान उतरवायला लागली. खिडकीवरचं कापड निघालं, उजेड आत आला. त्यांना घराचा बाहेरून एक शॉट घ्यायचा होता, मग निघायचं होतं. खोली रिकामी झाली तशी वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली.

“ताप होता तुम्हाला?” तिनं विचारलं.

“कधी?”

“त्या दिवशी.”

“होता की. सगळ्यांना माहितीय.”

“त्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या गिरणीत होता,” ती म्हणाली.

वैजयंतीच्या वडिलांची पिठाची गिरणी कारखान्याच्या मागच्याच बोळात होती. लग्नाआधी कॉलेजातून आली की तीच गल्ल्यावर बसायची. आमची तोंडओळख होती तेवढीच.

“पोत्यांच्या मागं बसला होता. तास-दीड तास. मी पाणी दिलं तर निम्मं अंगावर सांडलं. तोंडाला सिगरेटचा वास येत होता. जाताना म्हणालात, मी इथं आलो होतो हे कुणाला बोलू नको. मी नाही बोलले.”

“वैजू...”

“लग्न झाल्यावर मला वाटलं, सांगाल कधीतरी. मग एकदा माझ्या भावानं जेवताना सहज अल्ताफचं नाव काढलं आणि तुम्ही ताट सोडून उठलात. तेव्हापासून मला भीती बसली.” ती दारातून आत आली. “मला वाटायचं, भरतेशला तुम्हीच मारलं.”

वीस वर्षं ही बाई माझ्या शेजारी झोपत होती, माझ्या मुलीला वाढवत होती, आणि असं समजत होती.

“मी नाही मारलं,” मी म्हणालो. “शपथ. मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग कुणी मारलं? तुम्ही बघितलंत?”

आणि मी तिला सांगितलं. उभ्या उभ्या, आयुष्यात पहिल्यांदा.

मी कारखान्यात पोचलो तेव्हा मामू आणि कारागीर जेवायला गेले होते आणि अल्ताफ चहा आणायला. भरतेश तार बदलत होता. कारखान्यात लाकूड, पॉलिशचे डबे, म्हणून मामू विडी-काडी चालू देत नसत. मी भरतेशकडून काडेपेटी घेतली आणि गच्चीवर गेलो. सिगरेट पेटवून कठड्याशी उभा होतो तेव्हा फाटकातून पाचजण आत आले. पुढं रणधीर ढवळे होता, हातात हॉकी स्टिक. बाकीच्यांच्या हातात काय होतं ते मला आठवत नाही, रणधीरचे पांढरे बूट तेवढे आठवतात. जिन्यापर्यंत पोचायला त्यांना वीसेक पावलं होती. मी नुसती हाक मारली असती तरी भरतेश मागच्या शिडीनं उतरून गेला असता. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही, वैजू. आणि मग मी वाकलो, आणि भोपळ्यांच्या ढिगामागं जाऊन पडलो.

खालचं सगळं ऐकू आलं. भरतेश आधी हसला, त्याला चेष्टा वाटली असावी. मग फक्त फटके. वाळलेल्या भोपळ्याच्या आत बिया असतात. मी इतका थरथरत होतो की अंगाला लागलेल्या भोपळ्यातल्या बिया वाजायला लागल्या. खुळ्ळ, खुळ्ळ. मी तो भोपळा छातीशी घट्ट धरला तर दुसरा वाजायला लागला. तेवढ्यात कुणीतरी गच्चीचा जिना चढून आलं. “वर कोण हाय काय बघ,” खालून रणधीर म्हणाला. तो माणूस गच्चीच्या दारात उभा राहिला. त्याच्या चपलेखाली काहीतरी करकरलं. तो म्हणाला, “न्हाई. भोपळं हायत नुसतं.” आणि गेला.

“नंतर अल्ताफ आला,” मी सांगितलं. “‘भरत्या! ए भरत्या!’ असं किंचाळत होता. मग म्हणाला, ‘कुणी हाय का? अरे, कुणी तरी या!’ मी वीस फुटांवर होतो. मी मागच्या शिडीनं उतरलो आणि तुमच्या गिरणीत आलो. दुसऱ्या दिवशी कळलं, पोलिसांनी अल्ताफला नेलंय. मी घरी सांगितलं, मला कालपासून ताप आहे. ते खरंही झालं, दोन दिवस तापलो होतो मी.”

वैजयंती खुर्चीवर बसली. खालून शलाकाचा आवाज येत होता, ती सॅमसनला काहीतरी डावीकडं घ्यायला सांगत होती.

“तेव्हाचं मी समजू शकते,” ती शेवटी म्हणाली. “एकवीस वर्षांचा होता तुम्ही. पण आज? आज अल्ताफ सिगरेट ओढायचा म्हणून कशाला सांगितलंत?”

मी खिडकीतून खाली त्यांच्या गाडीकडं बघितलं.

“ढवळे नोकरीवर टाच आणील,” मी म्हणालो. “नोकरीचं एक सोड. माणसं पाठवील. मृण्मयी एकटी राहते पुण्यात.”

“मलाही त्याची भीती वाटते,” ती म्हणाली. “पण ही फिल्म मृण्मयी बघणार. आणि ती मला विचारणार, आई, बाबांना खरंच ताप होता का? मी तिच्याशी खोटं बोलणार नाही, आधीच सांगते.”

खाली गाडीचं दार लागलं. इंजिन सुरू झालं.

मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. पण पाय चालत होते. अनवाणीच जिना उतरलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती. मी धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही पंजे आपटले. सॅमसननं करकचून ब्रेक लावला.

“माइक लावा परत,” मी म्हणालो. “मी खोटं बोललो.”

त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. शलाकानं एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी कॅमेरा बंद करून म्हणाली, “सर, रणधीर ढवळ्यांचं नाव ठेवू की काढू? नीट विचार करा. मी उद्या परत विचारते.” तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, आणि आठ दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळा मी “ठेवा” म्हणालो आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर उठून दाराची कडी तपासली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. रणधीर ढवळ्याचं काही झालं नाही. त्यानं सगळं खोटं असल्याचं पत्रक काढलं, शलाकाला वकिलाची नोटीस पाठवली, आणि त्याचा कारभार चालू राहिला. माझी बदली जतकडच्या एका लांबच्या शाखेत झाली. पावसाळाभर एक मोटरसायकल माझ्या मागोमाग यायची, स्टँडपासून घरापर्यंत. त्यावरचे दोघं काही बोलायचे नाहीत, करायचे नाहीत. मी घरात शिरलो की निघून जायचे. वैजयंती गॅलरीत उभी राहायची, त्यांच्याकडं बघत, ते जाईपर्यंत. मग एक दिवस ते यायचे बंद झाले. मी मात्र अजूनही मोटरसायकल मागं आली की रस्त्याच्या कडेला थांबतो आणि तिला पुढं जाऊ देतो.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती कोल्हापुरात, एका छोट्या सभागृहात. मी आणि वैजयंती मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो. पुढं दुसऱ्या रांगेत भरतेश आणि अल्ताफ शेजारी-शेजारी होते. शलाकानं दोघांनाही माझं बोलणं आधीच दाखवलं होतं, हे मला माहीत होतं. त्यानंतर भरतेश हुबळीला गेला होता, तेही तिनं चित्रित केलं होतं. पडद्यावर मी ते पाहिलं. तो दुकानाच्या पायरीशी उभा राहतो, अल्ताफ हार्मोनियम बाजूला सारतो आणि सरकून जागा करतो. बाजारातले आवाज येत राहतात. मी त्या फिल्ममध्ये वीस मिनिटं आहे, पण त्या जागी नाही.

दिवे लागले. माणसं उठली. मी वैजयंतीला म्हणालो, चल, आपण आधी निघू. पण दारात गर्दी झाली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर आम्ही चौघं समोरासमोर आलो. भरतेशनं मला पाहिलं, नजर काढून घेतली आणि दोन पायऱ्या उतरून पुढं गेला. अल्ताफ थांबला.

“तू गच्चीवरनं खाली आला असतास तर तुलाही मारला असता त्यांनी,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “ते मला कळतंय, सुहास. मीही कदाचित लपलो असतो. पण नंतर? मी दोन दिवस पोलीस ठाण्यात होतो. मग एकवीस वर्षं हुबळीत. तेवढ्या सगळ्या वर्षांत तू कुणाला भीत होतास?”

तो वाट बघत होता. टोमणा मारला नव्हता त्यानं, त्याला खरोखर विचारायचं होतं.

“ढवळ्याला,” मी म्हणणार होतो. शब्द ओठावर आला होता. वैजयंतीनं माझ्या दंडाला धरलं होतं, तिची बोटं रुतत होती.

“तुम्हाला,” मी म्हणालो. “तुम्हा दोघांना.”

अल्ताफ माझ्याकडं बघत राहिला. खालच्या पायरीवरून भरतेशनं मान वळवली आणि डावा कान वर केला.

“काय म्हणतोय?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” अल्ताफ म्हणाला. दोन पायऱ्या उतरून त्यानं भरतेशच्या कोपराला हात दिला. “चल. सावकाश, पुढं अंधार आहे.”